लोड बॅलन्सर काढून टाकला, तरी एक सर्व्हर स्वतःशीच बोलतोय

कोरीपाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन रात्री एकाच गोष्टीमागे गेल्या, म्हणून इथे मांडतोय.

आमच्याकडे तीन अ‍ॅप सर्व्हर आहेत. त्यांच्यापुढे पूर्वी एलव्हीएस (लिनक्समधला लोड बॅलन्सर, म्हणजे येणारा ट्रॅफिक सर्व्हरांत वाटणारा; त्याच्या कर्नलमधल्या भागाला आयपीव्हीएस म्हणतात) होतं: दोन मशीनवर कीपअलाइव्हड (एक मशीन पडलं तर पत्ता दुसऱ्याकडे नेणारा प्रोग्राम), डायरेक्ट राउटिंगची पद्धत आणि एक व्हीआयपी (ग्राहकांना दिसणारा सामायिक आयपी पत्ता; धाग्यापुरता १९२.०.२.१० धरा). हे सगळं माझ्या आधीच्या माणसाने बसवलेलं होतं. आम्हाला यूआरएल बघून ट्रॅफिक वेगवेगळ्या सर्व्हरकडे पाठवायचा होता. एलव्हीएस नेटवर्कच्या चौथ्या थरावर (आयपी आणि पोर्ट बघून) काम करतं, त्याला यूआरएल दिसतच नाही. म्हणून नव्या दोन मशीन घेऊन त्यांवर एचएप्रॉक्सी (यूआरएलही वाचू शकणारा बॅलन्सर) बसवलं. टीएलएस (एचटीटीपीएसचं कूटीकरण) आता तिथेच संपतं आणि व्हीआयपी तोच ठेवलाय. जुन्या दोन मशीनवर एपीटी पर्ज (पॅकेज कॉन्फिगसकट काढणं) करून कीपअलाइव्हड आणि आयपीव्हीएसअ‍ॅडमिन (एलव्हीएसचे नियम लावायचं साधन) दोन्ही काढले.

बाहेरून सगळं ठणठणीत चाललंय. अडचण आतली आहे. तिसऱ्या अ‍ॅप सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवायची म्हणून एचएप्रॉक्सीत त्याला ड्रेनवर (नवा ट्रॅफिक न देणाऱ्या स्थितीत) टाकलं आणि त्याच्या एनजिनएक्सवर (वेब सर्व्हरवर) देखभालीचं पान लावलं. त्याच सर्व्हरवर काही पार्श्वभूमीची कामं चालतात, ती एचटीटीपीएसने व्हीआयपीला हाक मारतात. त्या सगळ्या हाकांना ५०३ (सेवा उपलब्ध नाही) येतंय. पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हरवरून तीच हाक मारली तर २०० (सगळं ठीक) येतं.

एचएप्रॉक्सीचा लॉग उघडून बसलो, तर तिसऱ्या सर्व्हरकडून आलेली एकही विनंती त्यात नाही. पाठवतोय म्हणावं तर पाठवतोय, उत्तरही येतंय, पण मधल्याला पत्ता नाही. एचएप्रॉक्सी काढून पुन्हा बसवलं, फरक शून्य. काय बघू?

---

उंबरठा

जुनी मशीन बंद केली आहेत की नुसतं पॅकेज काढलंय? कीपअलाइव्हड नीट थांबवलं तर जाताना तो व्हीआयपी इंटरफेसवरून उतरवतो, आयपीव्हीएसचे नियमही पुसतो. पण कोणी किल मायनस नाइन मारलं (जबरदस्तीने बंद केलं) असेल, तर पत्ता तसाच चिकटून राहतो. मग एकाच नेटवर्कवर दोन मशीन "हा पत्ता माझा" म्हणत बसतात. दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवरून आर्पिंग ("हा आयपी कोणाचा" असं नेटवर्कवर विचारणारी आज्ञा) करून बघा, उत्तर किती मॅक अ‍ॅड्रेसवरून (नेटवर्क कार्डाच्या पत्त्यांवरून) येतं ते कळेल.

---

कोरीपाटी

उंबरठा, जुन्या मशीन चालू आहेत, पण आयपी अ‍ॅड्रेसच्या यादीत तिथे व्हीआयपी नाही. आर्पिंग केलं, उत्तर एकाच मॅकवरून येतंय आणि तो नव्या एचएप्रॉक्सीचाच आहे.

---

रात्रपाळी

कोरीपाटी, एचएप्रॉक्सीला हात लावू नका, त्याची काही चूक नाही. तिसऱ्या अ‍ॅप सर्व्हरवर दोन गोष्टी चालवा आणि जे दिसेल ते जसंच्या तसं इथे द्या.

एक, आयपी राउट गेट (पॅकेट कुठल्या वाटेने जाईल ते सांगणारी आज्ञा) आणि पुढे व्हीआयपी.

दोन, ओपनएसएसएलच्या एस क्लायंटने व्हीआयपीच्या ४४३ पोर्टला जोडा आणि प्रमाणपत्राची मुदत बघा. मग तेच बाहेरच्या मशीनवरून करा. दोन्ही तारखा जुळतात का?

---

कोरीपाटी

रात्रपाळी ताई, तारखा जुळत नाहीत! बाहेरून नवं प्रमाणपत्र दिसतंय, जे आम्ही एचएप्रॉक्सीवर ठेवलं. तिसऱ्या सर्व्हरवरून जुनं दिसतंय, एलव्हीएसच्या काळातलं, आणि त्याची मुदत अकरा दिवसांत संपतेय.

आयपी राउट गेटची ओळ अशी आली: "लोकल १९२.०.२.१० डेव्ह एलओ".

पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हरवरही अगदी हीच ओळ येतेय.

---

रात्रपाळी

सापडलं. त्या ओळीतला पहिला शब्द "लोकल" आणि शेवटचा "एलओ", यातच सगळं आलं. तुमचा सर्व्हर म्हणतोय की हा पत्ता माझाच आहे, पॅकेट बाहेर पाठवायचं कारणच नाही. विनंती नेटवर्क कार्डापर्यंत जातच नाही, लूपबॅकवरून (एलओ, मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) वळून त्याच मशीनच्या एनजिनएक्सकडे येते. म्हणून लॉग कोरा, म्हणून जुनं प्रमाणपत्र, आणि म्हणून स्वतःचंच देखभालीचं पान.

पहिला-दुसरा सर्व्हरही स्वतःशीच बोलत आहेत. ते धडधाकट असल्याने २०० येतं आणि कोणाला संशय येत नाही. अकरा दिवसांनी प्रमाणपत्र संपलं असतं, तर तिन्हीकडची कामं एकदम पडली असती आणि बाहेरून साइट मात्र छान दिसली असती.

हे आलं कुठून? डायरेक्ट राउटिंगमध्ये पुढचं मशीन पॅकेटमधला आयपी बदलत नाही, फक्त फ्रेमवरचा मॅक बदलून ती अ‍ॅप सर्व्हरकडे ढकलतं. पॅकेटवर पत्ता व्हीआयपीचाच असतो. अ‍ॅप सर्व्हरने ते आपलं मानून उघडावं यासाठी त्याच्या लूपबॅकवर तोच पत्ता /३२ मास्कने (म्हणजे फक्त तो एकच पत्ता) लावावा लागतो. उत्तर मग पुढच्या मशीनकडे परत न जाता थेट ग्राहकाकडे जातं. ही पद्धत इतकी वेगवान असते ती याचमुळे. तुमच्या आधीच्या माणसाने काम बरोबरच केलं होतं, फक्त त्याचा अर्धा भाग बॅलन्सरवर होता आणि अर्धा अ‍ॅप सर्व्हरवर. तुम्ही पॅकेज काढलंत ते बॅलन्सरवरचं. अ‍ॅप सर्व्हरवर कुठलं पॅकेज नव्हतंच, त्यामुळे पर्ज करायला काही उरलेलंही दिसलं नाही.

---

दोरखंड

काय पकडलंय! मग सोपं आहे, तिन्हीकडे एलओवरून पत्ता उडवा आणि सिस्कटीएलमधल्या (कर्नलच्या सेटिंग्जमधल्या) आर्पच्या (आयपीवरून मॅक शोधायच्या पद्धतीच्या) ओळी काढा, झालं काम.

---

रात्रपाळी

थांबा दोरखंड, इथे क्रम महत्त्वाचा आहे. घाईत उलटं केलं तर साइटच जाईल.

लूपबॅकवर व्हीआयपी असूनही आजवर भांडण झालं नाही, याचं कारण त्या दोन सेटिंग्ज. आर्प इग्नोर १ असलं की सर्व्हर फक्त त्याच इंटरफेसवर लावलेल्या पत्त्याबद्दल आर्पला उत्तर देतो; एलओवरचा पत्ता ईथरनेटवर विचारला तर गप्प बसतो. आर्प अनाउन्स २ असलं की स्वतः आर्प विचारताना व्हीआयपी पुढे करत नाही. ही दोन कुलुपं आधी काढलीत आणि पत्ता अजून एलओवर असेल, तर तिन्ही अ‍ॅप सर्व्हर नेटवर्कवर ओरडून सांगतील की १९२.०.२.१० माझा. राउटरच्या आर्प तक्त्यात जो आधी पोचेल तो जिंकेल, आणि तुमचा ट्रॅफिक एचएप्रॉक्सीला वळसा घालून एकाच सर्व्हरवर आदळेल.

म्हणून आधी पत्ता उतरवा, मगच आर्पची कुलुपं काढा. एका वेळी एकच सर्व्हर घ्या, ड्रेनवर टाकून. तिसरा आधीच ड्रेनवर आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करा.

पत्ता नुसता आयपी अ‍ॅड्रेस डिलीटने काढलात, तर रीबूटनंतर परत येईल. तो कुठून लागतोय ते शोधा: नेटप्लॅनची फाईल, इंटरफेसेसची फाईल, आरसी लोकल, कोणी लिहिलेलं सिस्टिमडीचं युनिट. अख्ख्या एटसी फोल्डरमध्ये (कॉन्फिग तिथेच असतं) ग्रेपने व्हीआयपी शोधा, दहा सेकंदांचं काम आहे. आणि सिस्कटीएलची फाईल पुसली म्हणजे चालू कर्नलमधलं मूल्य बदललं असं होत नाही. ते हाताने ० करावं लागतं, नाहीतर रीबूट.

---

सांधेजोड

एक शंका. इतकं खोदत बसण्यापेक्षा सर्व्हर नव्याने उभे करणं सोपं नाही का? आमच्याकडे सगळं अ‍ॅन्सिबलने (मशीन आपोआप उभारणाऱ्या साधनाने) होतं, मशीन मोडायची आणि नवी आणायची. साफसफाई हा प्रकारच नाही.

---

रात्रपाळी

ज्यांच्याकडे ती सोय आहे त्यांनी तेच करावं, मी स्वतः तेच करते. पण इथे नवं उभारायला हवं होतं ते अ‍ॅप सर्व्हर, आणि कोरीपाटींना गरज वाटली ती बॅलन्सरची. बॅलन्सर त्यांनी नवाकोरा आणलाच होता की. शिवाय त्या लूपबॅकच्या ओळी अ‍ॅन्सिबलच्या रोलमध्ये राहिल्या असत्या, तर नव्या मशीनवरही इमानदारीत आल्या असत्या. कुठे काय राहिलंय हे माहीत असणं दोन्हीकडे लागतंच.

---

पाऊलखुणा

धागा वाचून जुनी जखम आठवली. आम्ही उलट्या दिशेने गेलो होतो: ट्रॅफिक कमी झाला म्हणून बॅलन्सर काढून एकच सर्व्हर थेट पुढे आणला. डीएनएसचा टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ती मुदत) दोन दिवस आधी ६० सेकंदांवर आणला, बदल केला, सगळं सुरळीत. आठवड्याने लक्षात आलं की लॉगिनच्या चुकीच्या प्रयत्नांवर घातलेली मर्यादा चालतच नाहीये.

कारण असं की आमचं अ‍ॅप ग्राहकाचा आयपी एक्स फॉरवर्डेड फॉर या हेडरमधून घेत होतं. बॅलन्सर असताना ते ठीक होतं, कारण तो हेडर तोच भरायचा आणि बाहेरून आलेला फेकून द्यायचा. बॅलन्सर गेला, पण अ‍ॅपचा त्या हेडरवरचा विश्वास तसाच राहिला. आता बाहेरचा कोणीही त्यात मनाला येईल तो पत्ता लिहून पाठवू शकत होता. कोणीतरी दर विनंतीला नवा आयपी लिहून शांतपणे पासवर्ड तपासत बसला होता. नुकसान झालं नाही, पण तो लॉग वाचताना हात गार पडले होते.

प्रॉक्सी प्रोटोकॉल (बॅलन्सरने जोडणीच्या सुरुवातीलाच ग्राहकाचा आयपी कळवायची पद्धत) वापरत असाल तर उलटा अनुभव येतो. मागचा सर्व्हर पहिल्या ओळीत प्रॉक्सी प्रोटोकॉलचं शीर्षक यायची वाट बघतो, थेट जोडणाऱ्या ब्राउझरकडून ते येत नाही आणि जोडणी तुटते. ते एका मिनिटात कळतं म्हणून परवडतं. हेडरचं मात्र कोणी सांगत नाही.

---

उंबरठा

पाऊलखुणा, हे फार मोलाचं सांगितलंत. फायरवॉलचंही तसंच. मागच्या सर्व्हरवर "फक्त बॅलन्सरच्या आयपीकडून आलेलं घ्या" असा नियम असतो. बॅलन्सर काढला, त्याचा आयपी मोकळा झाला, तोच पुढे भलत्याच मशीनला दिला गेला, की त्या मशीनला आतलं दार आपोआप उघडं. नियम काढल्याशिवाय आयपी परत वापरात देऊ नये.

---

कोरीपाटी

तिसरा सर्व्हर झाला. पत्ता नेटप्लॅनमध्ये नव्हताच, आरसी लोकलमध्ये एका ओळीत होता. ती काढली, पत्ता उतरवला, मग दोन्ही आर्प मूल्यं ० केली. आयपी राउट गेट आता ईथरनेटचा इंटरफेस दाखवतंय, एस क्लायंटमध्ये नवं प्रमाणपत्र आलं आणि एचएप्रॉक्सीच्या लॉगमध्ये तिसऱ्या सर्व्हरची विनंती पहिल्यांदा दिसली! ती ओळ बघून जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

पण दुसऱ्या सर्व्हरवर वेगळंच घडलं. पत्ता उतरवला, सगळं चाललं. खात्रीसाठी रीबूट केला, तर एनजिनएक्स उठलाच नाही. "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस" म्हणतोय.

---

दोरखंड

दुसऱ्यावर एनजिनएक्सच्या लिसन ओळीत (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ती ओळ) व्हीआयपी लिहिलेला असणार. पत्ताच नाही तर ऐकणार कुठे? तात्पुरतं सिस्कटीएलमध्ये आयपी नॉनलोकल बाइंड (मशीनवर नसलेल्या पत्त्यावरही ऐकू देणारी सेटिंग) १ करा, लगेच उठेल.

---

रात्रपाळी

निदान बरोबर आहे, पण उपाय नको दोरखंड. नॉनलोकल बाइंड ही एचएप्रॉक्सीच्या जोडीतली सोय आहे. तिथे राखीव मशीनवर व्हीआयपी नसतो, तरी प्रक्रिया त्या पत्त्यावर तयार बसलेली हवी असते, म्हणून ते १ ठेवतात. अ‍ॅप सर्व्हरवर ते केलंत तर एनजिनएक्स अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर कान लावून बसेल, कसलीच तक्रार करणार नाही, आणि दोन वर्षांनी ती ओळ कोणाला समजणार नाही. ती लिसन ओळ काढून टाका. सर्व्हरचा स्वतःचा पत्ता असलेली दुसरी ओळ तिथे असणारच, एरवी एचएप्रॉक्सीला तो सापडलाच नसता. एनजिनएक्स मायनस टीने तपासा, मग चालू करा.

चालू असलेल्या एनजिनएक्सला पत्ता गेल्याचं कळलं नाही, कारण सॉकेट आधीच उघडलेला होता. रीबूट करून बघितलंत हे फार चांगलं केलंत. हे रात्री वीज जाऊन मशीन उठताना कळलं असतं तर धांदल उडाली असती.

---

दोरखंड

पटलं ताई. माझ्या दोन मशीनवर मी हेच करून ठेवलंय, उद्या काढतो.

---

नवखाप्रवासी

सगळ्यांचं वाचून शिकतोय. मी पहिल्यांदाच एचएप्रॉक्सी बसवणार आहे. पुढे काढताना असा त्रास होऊ नये म्हणून बसवतानाच काय करू? आणि पॅकेज घ्यावं की सोर्सवरून (मूळ कोडवरून) बांधावं? एका मार्गदर्शिकेत सोर्स सांगितलंय.

---

उंबरठा

वितरणाचं पॅकेज घ्या. सोर्सवरून मेक इन्स्टॉल केलं की फायली युजर लोकलखाली जातात आणि पॅकेज मॅनेजरला त्यांची गंधवार्ता नसते. एका ठिकाणी मी असं पाहिलंय: आधी कोणी सोर्सवरून २.२ बांधलं, नंतर दुसऱ्याने पॅकेजने २.८ बसवलं. टर्मिनलवर आवृत्ती विचारली की २.२ यायची, कारण पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या जागांच्या यादीत) युजर लोकल आधी येतं. सेवा मात्र २.८ चालत होती. कॉन्फिग तपासणारा एक आणि चालवणारा दुसरा! टाइप मायनस ए लावून एचएप्रॉक्सी किती जागी आहे ते बघा. सोर्सचं फोल्डर जपून ठेवलं असेल तर एचएप्रॉक्सीत मेक अनइन्स्टॉल आहे. ते नसेल तर हाताने वेचावं लागतं.

आवृत्तीचा सम-विषम लक्षात ठेवा. २.६, २.८, ३.० अशा सम आवृत्त्या दीर्घ आधाराच्या, विषम थोड्या काळाच्या. सर्व्हरवर समच.

---

रात्रपाळी

नवखाप्रवासी, बसवण्याआधी एटसीकीपर लावा. ते एटसी फोल्डर गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवतं आणि एपीटीने काही बसवलं-काढलं की स्वतःहून नोंद करतं. कोरीपाटींच्या आधीच्या माणसाने ते लावलं असतं, तर आरसी लोकलमधली ती ओळ कधी आणि कशाबरोबर आली हे एका आज्ञेत दिसलं असतं.

दुसरं, बॅलन्सरसाठी बॅलन्सरच्या बाहेर जे जे बदललं त्याची वेगळी फाईल ठेवा. बॅलन्सरवरचं पॅकेज मॅनेजर सांगतो. अ‍ॅप सर्व्हरवरचा पत्ता, फायरवॉलचा नियम, हेडरवरचा विश्वास, डीएनएस, मॉनिटरिंगमधली तपासणी, हे कोणीच सांगत नाही.

काढायची वेळ आली की रिमूव्ह आणि पर्ज यांतला फरक ओळखा. रिमूव्हने कॉन्फिग राहतं, डीपीकेजीच्या (एपीटीखालच्या पॅकेज साधनाच्या) यादीत पॅकेजपुढे "आरसी" दिसतं, म्हणजे पॅकेज काढलं पण कॉन्फिग उरलं. मी आधी रिमूव्हच करते, एक-दोन आठवडे थांबते आणि मग पर्ज. परत फिरायची वेळ आली तर कॉन्फिग जागेवर असतं. रेड हॅटच्या घराण्यात आपण बदललेलं कॉन्फिग आरपीएमसेव्ह नावाने मागे राहतं, तेही बघा.

पर्जनेही न जाणारी एक गोष्ट म्हणजे प्रमाणपत्रं. एचएप्रॉक्सीसाठी आपण प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली एकत्र जोडून एक पेम फाईल बनवतो. ती आपण ठेवलेली, पॅकेजची नव्हे, म्हणून डीपीकेजी तिला हात लावत नाही. मशीन दुसऱ्या कामाला जातं आणि साइटची खासगी किल्ली त्यावर पडून राहते. ती पुसा. लेट्स एन्क्रिप्टच्या (मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) प्रमाणपत्राचं नूतनीकरण त्याच मशीनवर होत असेल तर त्याचा डेप्लॉय हूकही (नूतनीकरणानंतर चालणारी स्क्रिप्ट) बघा. तो पेम बनवून एचएप्रॉक्सी रीलोड करायला जातो, सेवा सापडत नाही आणि चूक नोंदवतो. नूतनीकरण काही आठवड्यांनी होतं, त्यामुळे हे तुमच्या लक्षात येईपर्यंत काढल्याची आठवणही बुजलेली असते.

---

सांधेजोड

थांबवण्याबद्दल एक भर. एचएप्रॉक्सीची सेवा सरळ स्टॉप केली तर चालू जोडण्या कापल्या जातात. आमच्याकडे वेबसॉकेट आहेत, लोक तासन्‌तास जोडलेले असतात. आम्ही आधी व्हीआयपी दुसऱ्या मशीनवर जाऊ देतो, मग जुन्याला यूएसआर१ सिग्नल देतो. तो नव्या जोडण्या घेणं बंद करतो आणि जुन्या संपल्या की स्वतः बाहेर पडतो. कोणी दिवसभर बसून राहू नये म्हणून कॉन्फिगमध्ये हार्ड स्टॉप आफ्टर लावलंय.

---

उंबरठा

व्हीआयपी हलवतानाही कीपअलाइव्हड नीट थांबवावा. तो जाताना शून्य प्राधान्याची (म्हणजे "मी जातोय" अशी) घोषणा करतो, त्यामुळे राखीव मशीन सेकंदाच्या आत ताबा घेतं. तोच अचानक मेला तर दुसरा तीन घोषणांची वाट बघतो, एका सेकंदाचा अंतराल असेल तर तीन सेकंदांहून थोडं जास्त. पण सांधेजोड, एक विचारतो: पत्ता हलला की वेबसॉकेटची पॅकेटंही नव्या मशीनकडे जाणार ना? मग जुन्या जोडण्या टिकतात कशा?

---

सांधेजोड

बरोबर विचारलंत, मी अर्धंच लिहिलं. आमच्याकडे दोन व्हीआयपी आहेत. नव्या जोडण्या डीएनएसमधून दुसऱ्या व्हीआयपीकडे वळवतो, पहिला जुन्या मशीनवरच राहतो आणि यूएसआर१ नंतर जोडण्या रिकाम्या झाल्या की मगच तो उतरवतो. एकच व्हीआयपी असेल तर हलवताच त्या जोडण्या तुटणार, ते गृहीत धरावं.

---

कोरीपाटी

तिन्ही सर्व्हर झाले. पहिला काल रात्री केला. दुसऱ्याची लिसन ओळ काढली, पुन्हा रीबूट केला, एनजिनएक्स पहिल्या झटक्यात उठला. तिन्हीकडे आयपी राउट गेट तपासलं, "लोकल" कुठेच नाही. तिसरा ड्रेनवरून परत रेडीवर आणला.

उंबरठा यांचं वाचून फायरवॉल बघितली, जुन्या दोन मशीनचे पत्ते तिन्हीकडे परवानगीच्या यादीत होते, काढले. पाऊलखुणा, तुमच्यामुळे हेडरही तपासलं. एचएप्रॉक्सीमध्ये फॉरवर्डफॉर लावलेलं होतं, पण बाहेरून आलेला हेडर आधी पुसत नव्हतो, त्यामुळे ग्राहकाने पाठवलेलं मूल्यही सोबत पुढे जात होतं. आता फ्रंटएंडमध्येच आधी डिलीट करतो.

रात्रपाळी ताई, जुन्या मशीनवर एलएसमॉड (चढलेली कर्नल मॉड्यूल्स दाखवणारी आज्ञा) केलं तर आयपीव्हीएसचं मॉड्यूल अजून दिसतंय. ते राहिलं तर काही बिघडेल का?

---

रात्रपाळी

आयपीव्हीएसअ‍ॅडमिन तुम्ही काढलंय, त्यामुळे तक्ता थेट प्रॉकमधून बघा: प्रॉक, नेट, आयपी व्हीएस. फक्त शीर्षकाच्या ओळी दिसल्या तर तो रिकामा आहे आणि मॉड्यूल नुसतं बसून आहे, पुढच्या रीबूटला जाईल. रीबूटनंतरही परत दिसलं तर एटसीमध्ये मॉड्यूल्स लोडच्या फोल्डरात त्याच्या नावाची फाईल असेल. आयपी फॉरवर्ड (दुसऱ्यांची पॅकेटं पुढे पाठवायची सेटिंग) १ राहिलंय का तेही त्याच वेळी बघा. मशीन आता राउटिंगचं काम करत नसेल तर ० करा.